मैल्याचा पाइप बंपरात कोंबू नका

कॅरव्हॅनवाल्यांच्या, म्हणजे राहण्याची सोय असलेला ट्रेलर गाडीमागे जोडून फिरणाऱ्यांच्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. जळगाव, धुळे, नंदुरबार अशा तिन्ही जिल्ह्यांतल्या ओळखीच्यांनी मला तो पाठवला. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: मैल्याचा पाइप, म्हणजे ट्रेलरमधल्या संडासाची टाकी सेप्टिक टँकमध्ये सोडायची नळी, ठेवायला ट्रेलरचा मागचा पोकळ बंपर हीच खरी जागा. पाइप धुवायची गरज नाही, खान्देशच्या उन्हात जंतू आपोआप मरतात. आत राहिलेलं थोडंफार पाणी वाटेत गळून जातं. आणि दोन्ही तोंडं बंद असली की पिण्याच्या पाण्याची नळी शेजारी ठेवायला हरकत नाही.

2021 मध्ये राज्याचं कॅरव्हॅन पर्यटन धोरण आलं, त्यानंतर माझ्याच ओळखीत तीन-चार जणांनी ट्रेलर बांधून घेतले. नवी माणसं असा मेसेज वाचतात आणि तसंच करतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

बंपरची गोष्ट आधी घेतो, कारण तिच्यात थोडं तथ्य आहे. अमेरिकेतल्या बऱ्याच ट्रेलरना मागे चार इंची चौकोनी पोकळ बंपर असतो, दोन्ही टोकांना झाकणं असतात आणि लोक त्यात तीन इंची पाइप ठेवतात. आपल्याकडच्या फॅब्रिकेटरने तीच नक्कल केली. माझ्याही ट्रेलरला असाच बंपर होता आणि दोन हंगाम मी पाइप त्यातच ठेवला. पाइप जातो, पण त्याच्या टोकाचं कपलिंग, म्हणजे टाकीला जोडायचं तोंड, पाइपापेक्षा रुंद असतं. पत्र्याची जाडी वजा केली की आत चार इंचही उरत नाहीत. ते ओढून काढताना पाइपात गुंडाळलेली तार वाकते आणि वळीजवळ बारीक चीर पडते. अशी चीर डोळ्यांना दिसत नाही, टाकी सोडल्यावर पायावर कळते.

त्याहून वाईट गंज. बंपरला बाहेरून रंग असतो, आतून बहुधा नसतोच. ओल्या पाइपातलं खारट पाणी तळाशी साचतं आणि लोखंड आतून खाल्लं जातं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर मी झाकण काढलं तेव्हा गंजाचे पापुद्रे मुठीने बाहेर आले. त्याच बंपरावर स्टेपनी लटकवलेली होती. वेल्डिंग सुटून ते चाक मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या अंगावर गेलं असतं तर? हा विचार आला की अजून झोप उडते.

आता उन्हाचं. भुसावळ-जळगावचा मे महिना 45 अंशांच्या पुढे जातो, हे आपल्याला कोणी सांगायला नको. उघड्यावर, कोरड्या जागी कडक ऊन जंतू मारतं हेही खरं. पण झाकण लावलेल्या बंपरात ऊन पोचतच नाही. पोचते ती फक्त ऊब, आणि ओल अधिक ऊब अधिक अंधार म्हणजे जंतूंना सुगीच. जंताची अंडी तर ओलसर जागी महिनोन्‌महिने जिवंत राहतात. काविळीचा हिपॅटायटिस ए विषाणू वाळलेल्या जागेवरही बरेच दिवस टिकतो.

मग पाइप उघड्यावर उन्हात टाकून ठेवावा का? तोही उपाय नाही. ठिबकची नळी वर्षानुवर्षं शेतात टिकते, कारण तिच्या प्लास्टिकमध्ये कार्बनची काजळी मिसळलेली असते. म्हणून तर ती काळी. मैल्याचा पाइप पातळ व्हिनाइलचा असतो. सतत उन्हात राहिला की कडक होतो आणि घडीवर तडकतो.

तेव्हा धुण्याला पर्याय नाही, आणि ते अवघडही नाही. मैल्याची टाकी आधी सोडायची, भांड्या-आंघोळीच्या पाण्याची नंतर; त्या पाण्याने पाइप निम्मा धुतला जातो. मग साधं पाणी सोडायचं आणि गाडीकडचं टोक उचलून हाताहाताने पाइप उंच धरत सेप्टिक टँककडे चालत जायचं, म्हणजे वळ्यांतलं पाणी जिथे जायला हवं तिथेच उतरतं. वास राहिला तर पातळ ब्लीच चालेल, पण त्याच्यासोबत संडास धुण्याचं अ‍ॅसिड कधीही नको. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो.

‘वाटेत गळून जातं’ हे वाक्य वाचून मला संताप आला. वाट म्हणजे कोणाचं तरी अंगण आहे. सारंगखेड्याच्या यात्रेत तापीकाठी माणसं आणि घोडी शेजारीशेजारी मुक्कामाला असतात, तोरणमाळला यशवंत तलावाच्या काठाने पोरं अनवाणी फिरतात. आपला मैला त्यांच्या पायाखाली सांडायचा हक्क आपल्याला कोणी दिला?

पाण्याच्या नळीबद्दल फार बोलत नाही. फवारणीचा पंप पिण्याच्या हंड्याशेजारी ठेवणारा शेतकरी मी तरी पाहिलेला नाही. दोन नळ्या, दोन कप्पे, गाडीच्या दोन बाजूंना.

मी आता 160 मिमीचा शेतीचा पीव्हीसी पाइप वापरतो. केळीच्या मळ्यात लाइन टाकताना उरलेला तुकडा होता. 110 मिमीचा घेऊ नका, त्यात कपलिंग पुन्हा अडकतं. एका टोकाला चिकटवलेलं झाकण, दुसऱ्याला फिरवून काढायचं. चासीखाली, चाकांपासून दूर, क्लॅम्पने पक्का बसवला. तळाला चार भोकं पाडून आतून जाळी लावली, म्हणजे हवा खेळते आणि उंदीर शिरत नाहीत. पाइप निथळून, दोन्ही टोपणं लावूनच आत जातो. घरी आल्यावर बाहेर काढून सावलीत टांगतो. हातमोजे त्याच बाजूच्या वेगळ्या डब्यात असतात. फिरत्या झाकणाला छोटी साखळी जरूर लावा, घाटातल्या धक्क्यांनी ते सैल होतं.