परंपरा जपा, पण बसून

नाताळची परंपरा जपायची असेल तर सगळ्यात आधी एक खुर्ची मिळवा. प्लास्टिकची चालेल. ती स्वयंपाकघराच्या दारात अशी ठेवा की कुलकुलांचा, म्हणजे नाताळच्या तळलेल्या गोडाचा, पाट नीट दिसला पाहिजे, पण तिथपर्यंत हात पोचता कामा नये. जागा साधली की अर्धा सण झाला. मग दर दहा मिनिटांनी म्हणत राहायचं, "आजीच्या हातची मजाच वेगळी होती." आजी होती तेव्हा तुम्ही मैदानात बॅट घेऊन उभे असायचात, हे आत बसलेल्या चौघींना पक्कं ठाऊक असतं. पण त्यांचे हात पिठात असतात, त्यामुळे तुम्हाला धोका नाही.

मी वसईचा, म्हणून हे सल्ले वसईच्या अनुभवावर बेतलेले आहेत. वांद्र्याच्या गावठाणात किंवा गोव्यात राहणाऱ्यांनी गोडाधोडाची नावं आपापल्या सोयीनं बदलून घ्यावीत. दोदोल घोटायचा असेल तर काळा गूळ, नारळाचं दूध आणि तांदळाचं पीठ तासन्‌तास हलवणारा दंड कुणाचा तरी लागतो. तो आपला नसावा, एवढंच बघायचं.

तर कुलकुल. मैदा, थोडा रवा, अंडं, साखर, नारळाचं दूध. सुपारीएवढी गोळी घ्यायची, कंगव्याच्या दातांवर अंगठ्यानं दाबत पसरायची आणि त्याच हातानं गुंडाळत सोडवून घ्यायची. जमलं तर रेघारेघांचा छोटा शिंपला होतो. नाही जमलं तर तेलात पडल्यावर उलगडतो आणि त्याची होडी होते. एका किलोत किती होतात ते कुणी मोजत नाही. मोजलं तर पुढच्या वर्षी कुणी करायला बसणार नाही. आमच्याकडे यासाठी एक गुलाबी कंगवा आहे. तो चमच्यांच्या खणात राहतो आणि आजवर एकाही डोक्याला लागलेला नाही. घरात नवा जावई आला की पहिल्याच डिसेंबरात चमचा शोधताना त्याला तो कंगवा दिसतो. तो एकदा कंगव्याकडे बघतो, एकदा सासूबाईंच्या केसांकडे बघतो आणि खण हळूच लावून घेतो. त्याला कुणी काही सांगू नये. आम्हालाही कुणी सांगितलं नव्हतं.

आता तुम्ही अगदीच काही केलं नाही असं व्हायला नको, म्हणून अकरा कुलकुल करा. दहापर्यंत कौतुक होतं. बारावा हातात घेतलात की तुम्हाला यातलं जमतं असा लोकांचा समज होतो आणि तो आयुष्यभर नडतो. अकरावा झाला की फोटो काढा. हात, पीठ, कंगवा आणि मागे आईच्या पदराचा कोपरा, एवढं चौकटीत आलं पाहिजे. आईचा चेहरा नको, ती घामेजलेली असते आणि मग सणाचा मूड जातो. खाली लिहा, 'आमच्या घरची पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा'. त्यानंतर तुम्हाला महत्त्वाचा फोन येईल. नाही आला तर लावून घ्या.

येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा मात्र पुरुषांचं खातं. इथे कष्ट घ्यायचे, कारण ते रस्त्यावरून दिसतात. पहिला गोठा १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावात असिसीच्या संत फ्रान्सिसनं केला. गवत, एक बैल, एक गाढव. गरिबीत जन्मलेलं बाळ लोकांना डोळ्यांनी दिसावं, एवढाच त्याचा हेतू होता. त्याच्याकडे पाण्याची मोटार नव्हती, हे समजून घ्या. तुमच्याकडे आहे, तेव्हा धबधबा पाहिजेच. धबधब्यामागे डोंगर, डोंगरावर बर्फाचा कापूस, त्याच्या पलीकडे पवनचक्की. दुबईचा भाऊ सुट्टीवर आला असेल तर तिकडची एखादी उंच इमारतही बेथलेहेमच्या मागे उभी राहू शकते. पुढ्यात हिरवळ हवी म्हणून पंधरा दिवस आधी ताटलीत नाचणी पेरायची. तिला रोज पाणी घालणं हे खातं पुन्हा स्वयंपाकघराकडे जातं, त्याची चर्चा करायची नाही.

मूर्ती जशा वर्षांनुवर्षं साठत जातात तशाच मांडाव्यात. आमच्या गोठ्यात एक मेंढी बैलापेक्षा उंच आहे, कारण दोघांची दुकानं वेगळी. एका मेंढपाळाला उजवा हात नाही. कुणी पाहुण्यानं विचारलंच तर तो हात अंगरख्यात आहे, थंडी आहे ना, असं सांगावं.

बाळ येशू चोवीस तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत गव्हाणीत ठेवायचा नसतो. म्हणून तो वर्षभर कुठेतरी 'नीट' ठेवलेला असतो. ही 'नीट' जागा फार वाईट. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे चोवीसच्या संध्याकाळी सहापासून बाळाचा शोध चालू होता. कपाट झालं, माळा झाला, देव्हाऱ्याखालचा खण झाला. पप्पा गोठ्यातल्या दिव्यांची वायर हातात धरून एवढंच म्हणत होते, "मागच्या वर्षी मी तुमच्याच हातात दिला होता." शेवटी आईनं शिवणाचा डबा उघडला. बटणं, रिळं, मोजपट्टी आणि हातरुमालात गुंडाळलेला बाळ येशू. "एवढं शोधताय तर मला विचारायचं ना," ती म्हणाली. सल्ला असा की विचारायचं नाही. विचारलं तर दोन मिनिटांत सापडतो आणि घरातल्या पुरुषांनी केलेली धावपळ वाया जाते.

मध्यरात्रीची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, आता बऱ्याच ठिकाणी मध्यरात्री नसते. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, त्यामुळे वेळ पुढे ओढून घेतली जाते. त्याबद्दल देवळाबाहेर मोटारसायकलींपाशी उभं राहून हळहळावं. आतलं प्रवचन तिथे ऐकू येत नाही, पण कॅनडाहून कोण आलंय, कुणी गाडी बदलली आणि कुणाच्या वाडीवर टॉवर उठतोय, ते सगळं ऐकू येतं. आत जागा नव्हती, हे कारण तयार ठेवा. मागच्या चार बाकांवर जागा होती हे सिस्टरनी बघितलेलं असतं, पण त्या सणाच्या दिवशी बोलत नाहीत.

पंचवीसच्या सकाळी शेजारच्या घरी ताट द्यायला जायचं, तो प्रकार थोडा बारकाईनं सांगितला पाहिजे. खरं म्हणजे ताट नसतंच, डबा असतो. दिवाळीत त्यांच्याकडून चिवडा-चकली भरून आलेला तो स्टीलचा डबा, ज्याच्या बुडाला त्यांचं नाव ठोकून कोरलेलं आहे. डबा रिकामा परत करायचा नाही, म्हणून तो दिवाळीपासून आमच्याकडे पाहुणा असतो. त्यात कुलकुल, करंज्या, केकचे दोन तुकडे. तेच करंजीचं सारण, तीच मुरड. सहा-सात आठवड्यांत करंजी गल्ली ओलांडून गेली आणि परत आली. शेजारच्या काकू डबा उघडून म्हणतात, "अय्या, तुमच्यातही करंज्या करतात?" हे त्या तीस वर्षं म्हणत आहेत. आपणही तीस वर्षं "हो, काकू" म्हणतो. परंपरा दोन्ही बाजूंनी जपावी लागते.

त्यांच्याकडे पुण्याचा पाहुणा आला असेल तर तो तुमचं मराठी ऐकून खूश होईल आणि म्हणेल, "तुम्ही मराठी किती स्वच्छ बोलता हो!" यावर आभार मानावेत. मग तो विचारेल, "पण तुम्ही मूळचे कुठले?" इथे इतिहासात शिरायचा मोह होतो. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहानं वसई पोर्तुगीजांना दिली, १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती घेतली, आणि या दोनशे पाच वर्षांत, त्याआधी आणि त्यानंतरही, आमचे लोक इथेच केळीच्या बागेला पाणी लावत होते, वगैरे. काही सांगू नका. "इथलाच," म्हणा आणि केक पुढे करा. तो विचारेल, यात दारू असते का. फळं रममध्ये ऑक्टोबरपासून भिजत घातली होती, हे खरं सांगावं. तो आधी नको म्हणेल, मग दोन खाईल.

दुपारच्या जेवणात इंद्यालाचं मसालेदार मांसाचं कालवण आणि मैद्याचे तळलेले फुगे असले की घरातला डाएटवरचा चुलतभाऊ पहिल्यांदा भाषण करतो आणि नंतर तिसऱ्यांदा वाढून घेतो. इंद्यालाचा मसाला उन्हाळ्यातच कुटून ठेवलेला असतो. तो कुणी कुटला हा प्रश्न जेवताना विचारू नये, घास अडकतो. "मसाला आता पूर्वीसारखा राहिला नाही," एवढं म्हणून बोटं चाटावीत.

एकतीसच्या रात्री गावातली पोरं जुन्या कपड्यांत गवत भरून म्हातारा करतात आणि बारा वाजता जाळतात. सरतं वर्ष म्हणे. त्यात तुमचा चांगला चाललेला शर्ट दिसला तर ओरडू नका. वर्षभरात तुम्ही घरात केलेली ती सगळ्यात ठोस मदत असेल.

सहा जानेवारीला बाळाच्या दर्शनाला निघालेले तीन राजे गोठ्याशी पोचले की सामान आवरायला घ्यायचं, निदान तसं जाहीर करायचं. आमचा गोठा एका वर्षी फेब्रुवारीपर्यंत होता, नाचणी पिवळी पडली होती आणि मेंढपाळ वाळक्या पात्यांत उभा होता. पण स्वयंपाकघर त्याच दिवशी आवरलं जातं. तुम्ही दारातल्या खुर्चीत असाल. आई येईल आणि म्हणेल, "ऊठ जरा. वरचा डबा ठेवायचाय, खुर्ची दे."

उठा. खुर्ची धरा, कारण तिचा एक पाय हलतो हे तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार. ती वर चढेल, फळीवरचे डबे मागेपुढे करेल आणि एक स्टीलची वाटी तुमच्या हातात देईल. वाटीत अकरा होड्या असतील. "तुझेच आहेत," ती वरूनच म्हणेल, "कुणा पाहुण्याला वाढले नाहीत."