पासपोर्ट बदलला की माणूस परका होतो का? वॉशिंग्टन हाइट्सच्या डोमिनिकन लोकांकडे बघा

दर निवडणुकीला आपल्या ग्रुपवर एक पोस्ट फिरतेच, जे परदेशाचे नागरिक झाले त्यांनी भारतातल्या भानगडीत नाक खुपसू नये. खाली शेकडो कमेंट. मला ह्यावर खूप दिवस लिहायचं होतं, पण आपल्या लोकांबद्दल कमी आणि डोमिनिकन लोकांबद्दल जास्त, कारण मी राहते ती वस्ती त्यांची आहे, न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या वरच्या टोकाला वॉशिंग्टन हाइट्स (१६८व्या स्ट्रीटवरच्या हॉस्पिटलात आणि लॅबमध्ये काम करणारे बरेच देशी लोक ह्याच भागात भाड्याने राहतात).

आपल्याला क्रिकेटमुळे वेस्ट इंडिज माहीत, डोमिनिकन रिपब्लिक फारसं माहीत नाही, तिथे बेसबॉल. एका बेटाचा पूर्वेकडचा मोठा भाग हा देश, पश्चिमेला हैती. १९३० ते १९६१ त्रुहियो नावाच्या हुकूमशहाचं राज्य होतं, साध्या माणसाला देशाबाहेर पडणं मुश्किल. त्याला १९६१ला गोळ्या घातल्या, मग निवडून आलेलं सरकार लष्कराने सात महिन्यांत पाडलं, मग १९६५च्या एप्रिलमध्ये यादवी झाली आणि अमेरिकेने वीस हजारांवर सैनिक उतरवले. आणि त्याच अमेरिकेने नंतर सढळ हाताने व्हिसा दिले, कारण चिडलेली तरुण मंडळी देशाबाहेर गेलेलीच बरी. म्हणजे हे लोक नुसते पैसा कमवायला आले असं कुणी म्हटलं की मला राग येतो. ह्याच १९६५ला अमेरिकेच्या नव्या कायद्याने आपल्या डॉक्टर-इंजिनिअर लोकांना दार उघडलं. आपले लोक डिग्रीच्या जोरावर आले, ह्यांच्या बायका कपड्यांच्या फॅक्टरीत मशीनवर बसल्या.

नंतर फॅक्टऱ्या बंद पडत गेल्या आणि ह्यांनी कोपऱ्यावरची किराणा दुकानं घेतली, ज्यांना इथे बोदेगा म्हणतात, टॅक्सी चालवल्या, ब्यूटी पार्लर काढली. पिवळी टॅक्सी ह्या भागात यायला नाखूष असायची तेव्हा ह्यांच्याच गाड्या लोकांना घरी सोडायच्या. कायदेशीर कागद नसलेलेही पुष्कळ होते. लहानपणी टुरिस्ट व्हिसावर येऊन मुदत संपल्यावर इथेच राहिलेला आद्रियानो एस्पायात २०१६ला इथूनच अमेरिकेच्या काँग्रेसवर निवडून गेला.

माझ्या शेजारच्या आजी, त्यांना सगळे दोन्या म्हणतात म्हणून मीही म्हणते, ईस्टरच्या आधीच्या दिवसांत एक पदार्थ करतात. लाल राजमा मऊ शिजवून गाळून घ्यायचा, त्यात दूध, नारळाचं दूध, साखर, रताळ्याचे तुकडे, लवंग, दालचिनी, मनुका घालून दाट होईपर्यंत ढवळत राहायचं आणि वाढताना वर छोटी दुधाची बिस्किटं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा राजम्याची खीर ही कल्पनाच मला झेपेना, खाल्ल्यावर मी डबा चाटून पुसून परत दिला. भलं मोठं पातेलं भरून करतात आणि आईस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत भरून अख्ख्या मजल्यावर वाटतात. रिकामा डबा मी परत देताना त्यात काहीतरी घालून देते, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही आणि त्यांनाही त्याचं आश्चर्य वाटलं नाही. ह्या आजी इतकी वर्षं इथे आहेत, अमेरिकन नागरिक आहेत, इथे मत देतात, ज्यूरी ड्यूटीलाही जाऊन आल्यात. आणि तिकडेही मत देतात!

हा खरा मुद्दा. त्यांच्या देशाने १९९४ला घटना बदलून दुहेरी नागरिकत्व मान्य केलं. २००४पासून परदेशात राहून मत देता येतं. २०१२पासून तर संसदेच्या खालच्या सभागृहात १९० पैकी ७ खासदार परदेशातल्या डोमिनिकन लोकांनी निवडलेले असतात. १९९६ला राष्ट्राध्यक्ष झालेला लिओनेल फर्नांडेस न्यूयॉर्कमध्येच लहानाचा मोठा झालेला. आणि ह्यात तिकडच्या देशाचं काय वाईट झालं? परदेशातून घरी जाणारा पैसा वर्षाला दहा अब्ज डॉलरच्या वर आहे. ज्यांचा पैसा चालतो त्यांचं मत का नको?

फुकटात नाही मिळालं हे. तिकडे ह्यांना डोमिनिकन यॉर्क म्हणून हिणवायचे, गळ्यात सोन्याची साखळी म्हणजे नक्की ड्रग विकणारा असं सरसकट बोलायचे, आणि इकडे न्यूयॉर्कचे पोलीस पण तेच समजायचे. १२ नोव्हेंबर २००१ला न्यूयॉर्कहून सांतो दोमिंगोला, म्हणजे त्यांच्या राजधानीला, निघालेलं विमान इथल्याच क्वीन्स भागात घरांवर कोसळलं, जमिनीवरचे पाच धरून २६५ माणसं गेली, बहुतेक डोमिनिकन, आणि ह्या भागात अशी बिल्डिंग सापडणं मुश्किल जिथे कुणी त्यातल्या एकाला ओळखत नव्हतं. दोन्या सांगतात की त्या सकाळच्या फ्लाइटने त्या स्वतः कितीतरी वेळा गेल्या होत्या, बॅगा भरून कपडे, औषधं, नातवंडांचे बूट. दोन देश सांभाळणं म्हणजे काय हे ज्याला बघायचं असेल त्याने ती बॅग भरताना बघावं, एक इंच मोकळी सोडत नाहीत.

आता जे मला खुपतं ते. आपल्याच अंगात आफ्रिकन रक्त आहे हे मान्य करणं ह्या समाजाला फार जड गेलंय. तिकडे ओळखपत्रावर कित्येक वर्षं 'इंडिओ' (म्हणजे बेटावरच्या मूळ रहिवाशांसारखा) असा रंग लिहायचे, काळं म्हणजे हैतियन. त्रुहियोने १९३७ला सीमेजवळ हजारो हैतियन लोकांची कत्तल करवली, आणि ती शिकवण सहज गेली नाही. मग माणूस न्यूयॉर्कला उतरतो आणि इथला घरमालक, दुकानातला सिक्युरिटी गार्ड त्याला सरळ काळा समजतो. घरी शिकलेलं सगळं उलटं. दर शनिवारी पार्लरमध्ये रोलर लावून, गरम हवेखाली तास-तास बसून केस सरळ करून घेणाऱ्या आया आणि कुरळे केस तसेच मोकळे सोडून फिरणाऱ्या त्यांच्या मुली, हे भांडण मी समोरच्या दारातून रोज ऐकते. मी मुलींच्या बाजूची आहे.

आणि २०१३ला त्यांच्या घटनात्मक न्यायालयाने निकाल दिला, की १९२९पासून तिथे जन्मलेल्या ज्यांचे आईबाप कागदपत्रांशिवाय आलेले होते त्यांचं नागरिकत्व गेलं. बहुतेक सगळे हैतियन वंशाचे, ऊसतोड मजुरांची मुलं-नातवंडं. पुढच्या वर्षी कायदा करून काहींना परत दिलं, पण अनेक लोक अधांतरीच राहिले. न्यूयॉर्कमध्ये पिढ्यान्‌पिढ्या काढल्या तरी डोमिनिकन आणि सांतो दोमिंगोत जन्मला तरी परका, हे कसं चालेल? मी दोन्यांना हे विचारलं तर त्या म्हणाल्या, ते वेगळं आहे. त्यांचा कॉलेजला जाणारा नातू तिथेच जेवत होता, तो म्हणाला, आजी तुला पण इथून काढलं असतं ना मग. त्या त्याच्याशी आठवडाभर नीट बोलल्या नाहीत. मला तो पोरगा बरोबर वाटतो आणि मी तसं आजींना सांगितलंही.

आपला कायदा दुहेरी नागरिकत्व देत नाही. परदेशाचे नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड आयुष्यभराच्या व्हिसासारखंच, त्यात मत नाही. ज्याचा पासपोर्ट अजून भारताचा आहे त्यालाही मत द्यायला तिकीट काढून स्वतः मतदारसंघात यावं लागतं. काही जण म्हणतील टॅक्स न भरणाऱ्यांना मत कशाला, आणि तो प्रश्न रास्त आहे, म्हणूनच मला डोमिनिकन पद्धत पटते, १९० मध्ये ७, आवाज मिळतो पण संसद ते एकटे चालवू शकत नाहीत. निदान भारताचा पासपोर्ट असलेल्यांना तरी वकिलातीत मतदान सुरू करा. ज्यांना हे मान्य नाही त्यांनी खाली कारण लिहा, नुसतं 'मग परत या' नको.