विजेवरचा गुडघा

ठाण्यात माणसाने कोणतेही वाहन घेतले, तरी त्याला दोनच प्रश्न विचारले जातात : केवढ्याला पडले आणि किती देते. माझ्या जुन्या गियरच्या माउंटन सायकलीला मी मोटर बसवून घेतली, तेव्हा याच दोन प्रश्नांची उत्तरे देत मी नौपाड्यापासून उपवनपर्यंत हिंडलो. मोटर कशासाठी बसवली, हे मात्र एकानेही विचारले नाही. विचारले असते तर मी गुडघा दाखवला असता.

माझ्या उजव्या गुडघ्यातली कूर्चा झिजली आहे. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितले, "सायकल चालवा, सांध्यावर वजन येत नाही; फक्त चढ टाळा." येऊरच्या पायथ्याशी राहणाऱ्या आणि कुठेही जायचे म्हटले की उड्डाणपूल आडवा येणाऱ्या माणसाला हा सल्ला देताना त्यांचा चेहरा अत्यंत गंभीर होता. फिजिओथेरपिस्टबाईंनी कोनमापक लावून वेगळेच सांगितले : नेहमीच्या सायकलीचे पायडल पूर्ण फिरवायचे तर गुडघा साधारण ११० अंश वाकावा लागतो, आणि माझा शंभराच्या अलीकडेच मुक्काम करतो. म्हणजे चढ लांबच राहिला, सपाट रस्त्यावरही प्रत्येक फेरीत पायडल वर आले की माझा गुडघा तक्रार नोंदवणार.

दुकानदाराला यात रस नव्हता. "काका, हजार वॉटची टाका, पोरं मागे पडतील," असे त्याने उत्साहाने सुचवले. मला पोरांना मागे टाकायचे नसून घरी परत यायचे आहे, हे त्याला पटवायला बराच वेळ गेला. शिवाय मी नियम वाचून गेलो होतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटरीची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि इतर काही अटी पाळलेल्या असल्या, तर अशी बॅटरीची सायकल मोटार वाहन धरली जात नाही. हे ऐकल्यावर त्याने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी मिसळीच्या दुकानात जाऊन तिखट कमी करा म्हणालो होतो.

मोटर बसवण्याचे काम वागळे इस्टेटमधल्या एका मेकॅनिकने केले. पुढच्या चाकात बसणारी मोटर स्वस्त आणि सोपी असते. पण माझ्या सायकलीला पुढे शॉकअपचा फोर्क, म्हणजे चाक धरणारा चिमटा, आहे आणि चाकाचा आस ज्यात बसतो त्या त्याच्या टोकाच्या हलक्या धातूच्या खाचा मोटरीचा पीळ सोसण्यासाठी बनवलेल्याच नसतात, म्हणून त्याने ती मागच्या चाकात घातली. मोटर चाकाला पुढे ढकलते तेव्हा तिचा आस उलट दिशेने फिरू पाहतो, आणि नट सैल असला तर ॲल्युमिनियमची खाच रुंद करून वायरींसकट बाहेर येतो. त्याला आवरण्यासाठी पोलादी पट्टीचा एक अडसर लावतात. दुकानाच्या डब्यात तो नव्हता. मेकॅनिकने शेजारच्या वर्कशॉपमधून जाड पट्टी कापून आणली, आसाच्या चपट्या बाजूवर घट्ट बसेपर्यंत कानशीने घासली आणि म्हणाला, "आता फ्रेम तुटेल, पण हा हलणार नाही." हे आश्वासन नेमके कोणत्या प्रकारचे आहे, याचा विचार मी पुढे ढकलला.

खरी मौज पुढेच होती. पायडलच्या आसावर लोहचुंबकांची एक चकती असते. ती फिरू लागली की सेन्सरला कळते आणि मोटर चालू होते. सेन्सरला पायाचा जोर कळत नाही, केवळ फिरणे कळते. म्हणजे ज्या पहिल्या अर्ध्या फेरीत माझा गुडघा अडतो, ती मी स्वतः पूर्ण करून दाखवली तरच मदत मिळणार. पैशाची गरज नसल्याचे सिद्ध केल्यावर बँक कर्ज देते, तसाच हा प्रकार. उपाय म्हणून पायडल न फिरवताही मोटर चालू करणारा, अंगठ्याने दाबायचा थ्रॉटल लावला. तो दाबायचा, सायकल हलली की पाय फिरवायचे. ज्यांचा अंगठाच दुखतो, त्यांच्यासाठी मुठीने पिळायचा थ्रॉटलही मिळतो, हे त्याच वेळी कळले आणि माझे दुखणे निदान खालच्या मजल्यावर आहे याचे समाधान वाटले.

तरी पायडल वर आले की गुडघा अडायचाच, कारण मोटर जोर लावते, पाय वाकवत नाही. शेवटी फिजिओथेरपिस्टबाईंनीच क्रँक, म्हणजे पायडल ज्यांच्या टोकाला असते ते दांडे, आखूड करायला सांगितले. मेकॅनिकने १७० मिलिमीटरचे क्रँक काढून लहान मुलांच्या गियरच्या सायकलीचे १४० मिलिमीटरचे बसवले. त्यामुळे वर आलेले पायडल ३० मिलिमीटर खाली राहिले. खाली पाय पूर्वीइतकाच सरळ व्हावा म्हणून सीट तेवढीच वर घेतली, आणि गुडघ्याला एकूण ६० मिलिमीटर जागा मिळाली. आखूड क्रँकने पायाची तरफ कमी होते, चढावर जास्त जोर लागतो, आणि ती तूट मोटर भरून काढते. माझ्या मते मोटरीचे खरे काम हेच : शरीराला जे सोयीचे, ते सायकलीला परवडेल असे करणे. वेग हा दुकानदाराचा विषय आहे.

सीट वर गेल्यामुळे मात्र पाय जमिनीला टेकेना. सिग्नलला थांबायचे म्हणजे पदपथाची कड शोधणे आले, आणि आमच्या भागात पदपथ ही बहुधा नकाशातच आढळणारी वस्तू आहे. डोंगरातून सायकली हाकणारी मुले बटण दाबताच खाली जाणारी सीट वापरतात, ती बसवली. उतारावर उड्या मारण्यासाठी केलेली सोय मी तीन हात नाक्यावर लाल दिव्याला वापरतो. बटण दाबले की सीट सुस्कारा टाकत खाली जाते, आणि शेजारचा रिक्षावाला माझ्याकडे सहानुभूतीने पाहतो.

येऊरचा चढ आता मी बसून चढतो. ३६ व्होल्टची, १० अँपिअर-तासांची बॅटरी आहे, म्हणजे ३६० वॉट-तास. चढावर ती सपाटीपेक्षा लवकर उतरते. ती काढून घरी चार्ज करतो, त्यामुळे विजेचा प्रश्न नाही.

प्रश्न आहे तो सोसायटीचा. आमच्याकडे सायकलींना पार्किंग फुकट आणि दुचाकींना मासिक शुल्क आहे. सेक्रेटरींनी मागच्या चाकाकडे वाकून पाहिले, मोटरीला बोट लावले आणि विचारले, "हिला नंबर प्लेट कुठाय?" मी नियम सांगितला. ते म्हणाले, "मग आरटीओचे तसे पत्र आणा." आरटीओचा संबंध मोटार वाहनांशी असतो आणि ही मोटार वाहन नाही, एवढाच माझा मुद्दा आहे, हे मी नम्रपणे मांडले. कमिटीने त्यावर साधकबाधक चर्चा केली आणि आरटीओचा या सायकलीशी संबंध नाही, असे आरटीओकडूनच लेखी आणावे, असा ठराव एकमताने मंजूर केला. तोवर निम्मे शुल्क लागू आहे.