पाटीवर 'काउन्सेलर', पण नंबर कुठाय?

मंडळी, दाढ काढायची असली तरी आपण चार जणांना विचारतो की डॉक्टर डिग्रीवाला आहे ना. पण नवऱ्याची दारू सुटावी म्हणून ज्याच्यापुढे घरातलं सगळं ओततो, त्याला कोणी काही विचारत नाही. आपल्या बडोद्यातला दांडिया बाजार घ्या, रावपुरा घ्या, नाहीतर अलकापुरी. 'काउन्सेलर', 'लाइफ कोच', 'व्यसनमुक्ती तज्ज्ञ' अशी पाटी लावली तर व्यवहारात कोणी अडवत नाही. पुढे काही बिघडलं की फेसबुकवर ओरड सुरू होते, "याचं लायसन्स रद्द करा!" अहो, पण लायसन्स होतं कुठे? मुळात दिलेलंच नसेल तर काढून काय घेणार?

समोर बसलेला माणूस नक्की कोण आहे, हे आधी समजून घ्या. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर. त्याची नोंद मेडिकल कौन्सिलकडे असते, औषध तोच लिहितो आणि वागणुकीबद्दलची तक्रारही तिथेच जाते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे साधारणपणे दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. केलेला माणूस. त्याचं नाव भारतीय पुनर्वास परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत असायला हवं. १९९२ च्या कायद्याखालची ही परिषद चौकशी करून, त्याचं म्हणणं ऐकून, नाव नोंदवहीतून काढू शकते. तिसरा, एम.ए. सायकॉलॉजी केलेला समुपदेशक. यांच्यात उत्तम काम करणारी माणसं आहेत, पण या परिषदेच्या नोंदवहीत त्यांना सहसा जागा नसते. त्यांच्यासाठी २०२१ चा संलग्न आरोग्य व्यावसायिकांचा कायदा आला. त्याच्या यादीत समुपदेशक आणि मनोसामाजिक काम करणारे आहेत. कायदा कागदावर आला आहे, राज्य परिषदांची घडी मात्र अजून नीट बसलेली नाही. चौथा म्हणजे स्वतः व्यसनातून बाहेर पडून आता दुसऱ्यांना सांगणारा. त्याच्या अनुभवाला मोल आहेच, पण तो परवाना नव्हे.

म्हणून पहिल्याच भेटीत तीन गोष्टी विचारा: नोंदणी क्रमांक काय, नोंद कोणाकडे आहे आणि व्यसनमुक्ती केंद्र असेल तर त्याची नोंदणी आहे का. चांगल्या माणसाला याचा राग येत नाही. ज्याला येतो, त्याच्याकडे दुसरी भेट घेऊ नका.

केंद्राच्या नोंदणीचं लोकांच्या लक्षातच येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्था घातल्या आहेत. त्यामुळे अशा रुग्णांना ठेवून घेऊन उपचार करणाऱ्या व्यसनमुक्ती केंद्रालाही नोंदणी लागते. ती न घेता केंद्र चालवलं तर पहिल्या खेपेला ५,००० ते ५०,००० रुपये दंड आहे. असं केंद्र नोंदलेलं नाही हे माहीत असूनही तिथे काम करणाऱ्या व्यावसायिकालाही २५,००० पर्यंत दंड होऊ शकतो. रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधायला साफ मनाई आहे. 'घरच्यांनी लिहून दिलं होतं' ही सबब तिथे चालत नाही.

गुप्ततेचा प्रश्न तर आपल्या गावात दुप्पट अवघड. महाराष्ट्रातल्या नातेवाइकांना पटकन कळत नाही, पण गुजरातेत परमिटशिवाय दारू पिणं हाच गुन्हा. गर्दच्या किंवा चरसच्या बाबतीत एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याच्या कलम ६४ क (64A) मध्ये, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाण जवळ बाळगल्याच्या गुन्ह्यात, स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनाधीन माणसाला खटल्यापासून संरक्षण आहे. दारूबंदी कायद्यासाठी त्या कलमाचा काही उपयोग नाही. म्हणजे समुपदेशकाने कोणापुढे नाव घेतलं तर अब्रू जाईलच, वर पोलिसांचंही भय. मानसिक आरोग्य कायद्याचं कलम २३ गुप्ततेचा हक्क देतं आणि अपवाद मोजकेच ठेवतं: नामनिर्देशित प्रतिनिधी (रुग्णाने आपल्या वतीने नेमलेला माणूस), उपचार करणारे इतर व्यावसायिक, कोणाच्या जिवाला धोका, मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाचा किंवा वरच्या न्यायालयाचा आदेश, सार्वजनिक सुरक्षितता. 'सासूबाई काळजीने विचारत होत्या' हा त्यात नाही. रुग्णाच्या संमतीशिवाय त्याचा 'आधी आणि नंतर'चा रील टाकणं हेसुद्धा गैरवर्तनच. पण आपण त्यावर टाळ्यांचे इमोजी टाकतो!

अजून एक राजरोस चालणारा प्रकार सांगतो. 'वहिनी, ही गोळी त्यांच्या आमटीत घाला, कळू देऊ नका.' ती गोळी बहुतेक वेळा डायसल्फिराम असते. ती पोटात असताना दारू घेतली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छातीत धडधडतं, रक्तदाब कोसळतो. हृदयविकार असेल तर जीवही जाऊ शकतो. शेवटच्या घोटानंतर किमान १२ तास गेल्याशिवाय ती सुरू करत नाहीत आणि बंद केल्यावरही तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. रुग्णाला माहीत नसताना ती देणं म्हणजे संमतीशिवाय उपचार. समुपदेशकाला तर औषध सुचवायचा अधिकारच नाही.

तसंच 'आजपासून एक थेंब नाही'. रोज सकाळपासून पिणाऱ्या माणसाला डॉक्टरांशिवाय हा सल्ला देणं म्हणजे निष्काळजीपणा. अचानक बंद केल्यावर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते आणि ४८ ते ९६ तासांत भ्रम, थरथर, ताप. अशा वेळी माणूस 'नाटकं करतोय' म्हणून खोलीत कोंडला जातो आणि तिथेच घात होतो.

आता उलट बाजू. माणूस पुन्हा प्यायला म्हणजे समुपदेशक दोषी, असं नाही. व्यसनात घसरण बऱ्याचदा होते. न आवडणारा प्रश्न विचारला, बायकोची बाजू ऐकून घेतली, हाही गुन्हा नव्हे. पण रुग्णाकडून उसने पैसे घेतले, त्याला विम्याची पॉलिसी विकली, बरा झाल्यावर केंद्रात फुकट राबवलं किंवा जवळीक साधली, तर तो गुन्ह्याच्याच रांगेत. अमेरिकेतल्या समुपदेशक संघटनेच्या आचारसंहितेत उपचार संपल्यावरही पाच वर्षं शारीरिक संबंधाला मनाई आहे. तिथे राज्याराज्यांची परवाना मंडळं ताकीद, देखरेखीखाली काम, निलंबन आणि शेवटी परवाना रद्द अशा पायऱ्यांनी शिक्षा देतात आणि निकाल सहसा लोकांना पाहता येतात. माझं मत विचाराल तर यातली दुसरी पायरी आपल्याला सगळ्यात जास्त हवी आहे. निम्म्या चुका लबाडीच्या नसतात. कोणी वर बसून केस तपासत नाही, म्हणून त्या होतात.

तक्रार करायची असेल तर बहुतेक जण हरतात ते मजकुरात. चार पानं संताप आणि तारीख एकही नाही. एका कागदावर तारीखवार लिहा: कधी भेटलो, किती पैसे दिले, काय सांगितलं, काय घडलं. पावत्या आणि यूपीआयची नोंद जोडा. व्हॉट्सअॅपचं संभाषण कापून नव्हे, पूर्ण काढून ठेवा. उपचाराच्या मूलभूत नोंदी लेखी मागा. कलम २५ प्रमाणे तो रुग्णाचा हक्क आहे. दुसऱ्या रुग्णांची नावं घालू नका, नाहीतर गुप्ततेचा भंग तुमच्याच हातून होईल. रुग्ण स्वतः सही करत नसेल तर नामनिर्देशित प्रतिनिधीने करावी, मेहुण्याने नव्हे.

केंद्राबद्दलची तक्रार आधी तिथल्या प्रमुखाकडे, मग मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे आणि तरीही समाधान नाही झालं तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे. मंडळाला फी लागत नाही. अर्जाचा निकाल सर्वसाधारणपणे ९० दिवसांत द्यायचा असतो. नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून रुग्णाला ३० दिवसांपर्यंत दाखल केल्याला ('सपोर्टेड अॅडमिशन') आव्हान असेल तर ७ दिवसांत. पैसे परत हवे असतील तर परिषदेकडे मागू नका, ते ग्राहक आयोगाचं काम. तिथे मुदत दोन वर्षांची, आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही.

आणि बडोदेकरांसाठी एक खास. आपण भांडतो मराठीत, व्हॉट्सअॅपवर लिहितो अर्धं मराठी अर्धं गुजराती, आणि अर्जाला तेच जसंच्या तसं जोडतो. दिल्लीच्या पुनर्वास परिषदेत ते कोण वाचणार? मूळ संदेश ठेवा आणि प्रत्येक ओळीखाली हिंदी किंवा इंग्रजी अर्थ लिहा. इथल्या मंडळाकडचा अर्ज सरळ गुजरातीत करा.