दाण्यांपेक्षा पाणी आणि झाडं
पक्ष्यांसाठी बाजरी-तांदळाची ताटली ठेवण्याबद्दल एका लेखात वाचलं आणि आमच्या परसातलं सांगावंसं वाटलं. आम्हीही आधी दाणेच ठेवायचो. चिमण्या थोड्या, पारवेच फार. मग मातीचं पसरट भांडं पाणी भरून सावलीत ठेवलं आणि परस गजबजलं. उन्हाळ्यात दुपार कलली की सातभाई कलकलाट करत येतात, एकमेकांना ढकलत अंघोळ करतात. दयाळ मात्र सगळे उडून गेल्यावर एकटा उतरतो, शेपटी उभारून. तो क्षण मी सहसा चुकवत नाही.

खरी मेजवानी झाडांवरच. कढीपत्त्याची काळी फळं पिकली की बुलबुल हटत नाहीत, जास्वंदीवर शिंजीर लटकून मध पितो, मागच्या उंबरावर तांबट पक्ष्याचं टुक-टुक. चिमणी स्वतः दाणे खाते, पण पिल्लांना अळ्या-किडे भरवते. म्हणून आम्ही कीटकनाशक फवारणं बंद केलं.

एक कळकळीची विनंती : फरसाण, खारे दाणे घालू नका, एवढं मीठ पक्ष्यांना सोसत नाही. भांडं रोज घासा.

सध्या मोगऱ्याच्या कुंडीत बुलबुलाचं घरटं आहे. आई पाणीसुद्धा दबकत घालते.