नीट बिघडेना

अन्न बिघडण्याचे जितके प्रकार, तितके शब्द आमच्या आईकडे आहेत. वरण आंबतं, दूध नासतं, भात विटतो, तेल खवट होतं, कल्हई उडालेल्या पातेल्यात आमटी राहिली तर कळकते आणि पावसाळ्यात पिठाला कुबट वास येतो. गेल्या जूनमध्ये मी घरात असा एक वास निर्माण केला की आईलासुद्धा शब्द सापडेना. तिने नुसता पदर नाकाला लावला आणि मामाकडे चार दिवस राहायला जाऊ का, असं विचारलं.

झालं होतं एवढंच की माझ्या रक्तातली साखर वाढली आणि 'रोज सकाळी दोन चमचे जांभळाचा सिरका' असा सल्ला मला एकाच आठवड्यात चार जणांनी दिला. डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, "गोळी चुकवू नका, बाकी काय प्यायचं ते प्या." (हे वाक्य गुजरातेतल्या डॉक्टरांनाच निर्धास्तपणे बोलता येतं.) बाजारात सिरक्याच्या बाटलीचा भाव बघितला आणि माझ्यातला बडोद्याच्या दांडिया बाजारचा मराठी माणूस जागा झाला. सयाजीराव महाराजांनी 1906 साली बांधलेल्या खंडेराव मार्केटात सकाळी सातला जाऊन अडीच किलो जांभळं आणली.

माझी भाची इथेच एम. एस. युनिव्हर्सिटीत मायक्रोबायोलॉजी शिकते. तिने फोनवर कृती सांगितली, म्हणजे आधी घाबरवलं. सिरका थेट होत नाही म्हणे. आधी यीस्ट साखर खातं आणि तिचं अल्कोहोल करतं. मग दुसरे जिवाणू येतात, हवा घेतात आणि त्या अल्कोहोलचं आम्ल करतात. थोडक्यात, सिरक्याच्या गावाला जाणारी वाट दारूच्या अंगणातून जाते. आणि 1949 चा मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा 1960 साली गुजरात वेगळं झालं तरी इथून हललेला नाही. म्हणजे मधले दोन-तीन आठवडे माझ्या स्वयंपाकघरात जे असणार होतं, त्याला सिरका म्हणायची सोय नव्हती. ते बिघडेपर्यंत मी गुन्हेगार, बिघडलं की पुन्हा गृहस्थ.

"लवकर बिघडेल ना गं?" मी विचारलं.

"मामा, बिघडायला पण शिस्त लागते."

पहिल्या खेपेला ती शिस्त नव्हतीच. लोणच्याची चिनी मातीची बरणी मी धुतली होती, पण माझ्या पद्धतीने. लाकडी डाव तर सकाळीच दह्यातून निघाला होता. चौथ्या दिवशी वर सुरकुतलेली पांढरी साय धरली. खालच्या रसाला हिंग-मेथीचा आणि शिळ्या ताकाचा असा मिळून वास होता. भाचीला फोटो पाठवला. तिने उलट एवढंच लिहिलं : 'ओता.' ओतलं.

दुसऱ्या खेपेला मी सोवळ्यात उतरलो. काचेची मोठी बरणी उकळत्या पाण्याने धुतली, उन्हात वाळवली, डाव स्टीलचा घेतला. जांभळांचा गर, उकळून निववलेलं पाणी, साखर, बेकरीवाल्याकडचं यीस्ट. साखर जरा सढळ हातानेच घातली. मला खायची नाही, निदान यीस्टने तरी खावी. बरणी गॅलरीत ठेवली. पहिले दोन दिवस बुडबुडे असे येत होते की मी रात्री उठून बघायचो. तिसऱ्या दिवशी सकाळी सडक्या अंड्याचा वास आला.

आमच्या इमारतीत अठरा घरं, त्यातली सोळा अशी की जिथे अंड्याचा फोटोसुद्धा येत नाही. समोरच्या बेनांनी दार उघडलं, नाक वर केलं आणि "आ वास शेनी आवे छे?" असं हवेलाच विचारलं. हवा माझ्या दाराकडूनच येत होती. दुपारपर्यंत बातमी तळमजल्यावर पोचली : तिसऱ्या मजल्यावरचे महाराष्ट्रीयन घरात अंडी उकडतात, आणि तीही नासकी.

भाची म्हणाली, यीस्ट उपाशी आहे. मी सांगितलं, अगं, पाऊण किलो साखर घातलीय! ती म्हणाली, नुसत्या साखरेवर माणूस तरी जगतो का? यीस्टला नायट्रोजन लागतो. तो कमी पडला की ते गंधकाचा वायू सोडतं, त्याचा हा वास. उपाय काय, तर थोडं यीस्ट पाण्यात उकळून मारायचं आणि ते जिवंत यीस्टला खायला घालायचं. भुकेल्या भावंडांना मेलेल्या भावंडांचं जेवण! मी आईला हे सांगितलं नाही. शिवाय रस या पातेल्यातून त्या पातेल्यात उंचावरून ओतायचा, म्हणजे वायू उडून जातो.

उडून तो कुठे जातो, हे भाचीने सांगितलं नव्हतं. तो चौथ्या मजल्यावर गेला.

मग कुठूनसं मला कळलं की दारू गाळायची भांडी तांब्याची असतात, कारण तांबं हा गंधकाचा वास धरून ठेवतं. मी लगेच देवघरातला तांब्याचा गडू काढला. आई मामाकडून त्याच दिवशी परत आली होती. "आंबटात तांबं? कळकेल ते, मेल्या!" भाचीनेही तिचीच बाजू घेतली. तिथे तांब्याला लागते ती वाफ, इथे तू आंबट रसात तांबं बुडवणार, ते विरघळून पोटात जाईल. एवढं शिकलेल्या मुलीने आपल्या शब्दावर शिक्का मारला म्हणून आईने तिला संध्याकाळी पुरणपोळी पाठवली. मला साखर आहे.

अंड्याचा वास चार दिवसांनी गेला आणि नेलपॉलिश पुसायच्या पाण्याचा आला. बायको ऑफिसातून आली, दारातच थबकली. "घरी कोण आलं होतं?" तिने शांतपणे विचारलं. आमच्या घरात नखं रंगवणारी एकच व्यक्ती, ती पुण्याला हॉस्टेलवर. मी बरणी दाखवली. तिला आधी पटेना.

हा गॅलरीतल्या उन्हाचा प्रताप होता. बाहेर 40 अंश आणि यीस्टला मानवतात वीस ते तीस. फार तापलं की ते असली द्रव्यं जास्त करतं. दारू गाळणारे तो पहिला वासाचा भाग वेगळा काढून टाकून देतात. मला गाळायचं नव्हतं, त्यामुळे माझा पहिला भाग, मधला भाग आणि शेवटचा भाग एकाच बरणीत गुण्यागोविंदाने नांदत होता. बरणी ओल्या गोणपाटात गुंडाळून माठाशेजारी ठेवली. तोंडाला मलमल बांधली. चिलटं आलीच. भाची म्हणाली, येऊ देत, आत पडू नयेत इतकंच, कारण सिरक्याचे जिवाणू त्यांच्याच पायांवरून फिरतात.

त्याच फोनवर तिने मला धीर देण्यासाठी पाश्चरची गोष्ट सांगितली. 1856 साली फ्रान्समधल्या लील शहरात बीटापासून अल्कोहोल करणारा एक कारखानदार त्याच्याकडे रडत आला : पिंपं आंबतायत. पाश्चरने सूक्ष्मदर्शकातून बघितलं, तर चांगल्या पिंपात गोल यीस्ट, आंबलेल्यात काड्यांसारखे जिवाणू. मला काही धीर आला नाही. त्याचं आंबत होतं म्हणून तो रडला. माझं तीन आठवडे झाले तरी नीट आंबत नव्हतं.

आणि रविवारी सकाळी दारात तळमजल्यावरचे निवृत्त जमादार काका उभे. पोलीस खात्यात तीस वर्षं, त्यातली बरीच दारूबंदीत. ते काही न बोलता वास घेत घेत थेट माठापाशी गेले. मलमल उचलली. "आ तो वोश छे," ते म्हणाले.

गुजरातेत रोजचं वर्तमानपत्र वाचणाऱ्याला 'वोश' म्हणजे दारू गाळण्याआधीचा आंबवलेला रस, हे सांगावं लागत नाही. छापा पडतो, भट्टी सापडते, इतके लिटर वोश नष्ट केला जातो. माझ्या डोळ्यांसमोर मथळा आला, त्यात 'लिटर'च्या आधी फक्त 'चार' होतं. मी जांभूळ, साखर, डॉक्टर, भाची, पाश्चर सगळं एका दमात सांगितलं. आईने मध्येच चहा पुढे केला.

काकांनी पुन्हा वाकून वास घेतला. मग चेहरा असा केला की आयुष्यभराचा व्यासंग दुखावला गेलाय. नाल्याकाठची, शेतातली, जमिनीत पुरलेली किती पिंपं मी उलटी केली, ते म्हणाले, पण इतकं घाण काम एकाही बुटलेगरने केलं नव्हतं. त्यांनी मलमल पुरती काढायला लावली, बरणी उथळ पातेल्यात रिकामी करवली, हवा लागू दे म्हणाले, वर तीच मलमल ताणून बांधली आणि गाठ स्वतः मारली. चहा संपवला. जिना उतरता उतरता मागे वळून म्हणाले,

"बगडी जाय एटले केजो. मने पण डायाबिटीस छे."