दोनच तर वाक्यं आहेत!

आमच्या सोसायटीत नवी लिफ्ट आली. ती हिंदी-इंग्रजीत बोलते, म्हणून जनरल बॉडीत ठराव झाला की लिफ्टने मराठीत बोलावं. ठराव पास होताच सेक्रेटरीकाकांच्या डोळ्यांपुढे मी आलो. एरवी मी कुणाच्याच डोळ्यांपुढे येत नाही, कारण मी कार्टूनमध्ये असतो, म्हणजे माझा नुसता आवाज असतो.

परवा त्यांनी मला जिन्यातच गाठलं.

"तू ते लाल अस्वल ना?"

"अस्वल तपकिरी आहे, काका. लाल तो कोल्हा. तो दुसरा कुणी करतो."

"तेच ते. नातू जाम खूश आहे तुझ्यावर. हं, बोल." मोबाइल थेट माझ्या नाकाखाली.

"इथे? जिन्यात?"

"मग काय झालं? दोनच तर वाक्यं आहेत. 'तळमजला' आणि 'कृपया दार लावा'."

मी चाचरत म्हटलं, याचं मानधन असतं.

"बोलायचे पैसे?" काका धक्क्याने एक पायरी खाली उतरले. "अरे, इतकी वर्षं मी मीटिंगमध्ये बोलतोय. मला दिले कुणी?"

ऐकणाऱ्यांना द्यायला हवे होते, हे मी मनातच म्हटलं. मेंटेनन्स थकलाय माझा.

मग दिग्दर्शन सुरू झालं. "गोड बोल. पण दरारा पाहिजे. तिसऱ्या मजल्यावरचे दार उघडं टाकतात, त्यांना लागलं पाहिजे. बाकीच्यांना नको लागायला." मी 'तळमजला' म्हटलं. काकांनी डोळे मिटून ऐकलं आणि वॉचमनकडे पाहिलं. वॉचमनने मान हलवली, आडवी. "तुझा 'ळ' पोचत नाहीये," काका म्हणाले. "अस्वलाचा बरा होता."

तर हे 'नुसतं बोलणं' अंधेरीच्या डबिंग स्टुडिओत कसं चालतं, ते ऐका. एसी बंद, कारण माइकला त्याची घरघर ऐकू येते. माइकला पोटातली गुरगुरही ऐकू येते, म्हणून उपाशी जायचं नाही. तुडुंब जेवूनही नाही, श्वास पुरत नाही. तोंड कोरडं पडलं की जीभ चिकटून टकटक आवाज येतो, त्यावर हिरव्या सफरचंदाची फोड. कडक इस्त्रीचा शर्ट नको, सळसळतो. कानात मूळ भाषेतला आवाज, समोर पडदा. तीन बीप वाजतात. चौथी वाजत नाही, तिथे आपण वाजायचं. सेकंदाला चोवीस फ्रेम, म्हणजे चित्रं, असतात, त्यातल्या तीन-चार जरी चुकल्या तरी प्रेक्षकाला काहीतरी खटकतं. पडद्यावर ओठ मिटले की आपल्या वाक्यातही तिथे प-ब-म पैकी कुणीतरी हजर पाहिजे. नसेल तर उभ्या उभ्या वाक्य फिरवायचं, आणि तरीही विनोद जिथे फुटायचा तिथेच फुटला पाहिजे. 'प' मात्र सरळ माइकवर सोडायचा नाही, फट्ट वाजतो. तोंड किंचित तिरकं.

मूळ कार्टून बनतं तेव्हा बहुधा आवाज आधी आणि चित्रं नंतर. तिथला नट हवा तिथे थांबतो, चित्रकार त्याच्यामागे धावतात. डबिंगमध्ये उलटं: दुसऱ्याने घेतलेला श्वास आपण घ्यायचा. त्यात हसणं सगळ्यात अवघड. रडताना दम घ्यायला वाव असतो. अस्वल अकरा सेकंद हसलं की तुम्हीही अकरा सेकंद, आणि शेवटच्या सेकंदाला त्याचं पोट हलतंय, म्हणजे तुमच्याकडे हवा शिल्लक हवी. किंकाळ्या, आपटणं, कड्यावरून पडणं सगळं शेवटी ठेवतात. आधी घेतलं तर घसा बसतो आणि उरलेले संवाद कोल्ह्याला द्यावे लागतात. किंकाळीला एक पाऊल मागे सरायचं, नाहीतर आवाज फाटतो.

आवाजाचं काम कमी दर्जाचं, हे कुणी ठरवलं कळत नाही. 'झपाटलेला' सिनेमा १९९३ चा. महेश कोठारे त्यात दिग्दर्शकही आणि नटही. पण आजही पोरं नक्कल करतात ती तात्या विंचूची, म्हणजे रामदास पाध्यांच्या बाहुल्याची आणि दिलीप प्रभावळकरांच्या आवाजाची. निर्जीव बाहुल्याची भीती वाटते आणि हसूही येतं, ते घशातून येतं हो.

आमच्या वाट्याला मात्र श्रेयनामावलीत बऱ्याचदा नावही नसतं. अॅपवर तर ती सुरू व्हायच्या आत पुढचा भाग सुरू होतो. एकदा ठरलेली रक्कम मिळाली की मग ते अस्वल दिवसातून चार वेळा लागो, आपल्याला छदाम नाही. हल्ली करारात एक बारीक अक्षरातलं कलमही असतं: आवाज कुठल्याही माध्यमात, कायमस्वरूपी, यंत्राला शिकवण्यासकट. त्यावर प्रश्न विचारला की कोऑर्डिनेटर प्रेमाने म्हणतो, "अरे दादा, सगळेच सही करतात." ठरलेली रक्कम नव्वद दिवसांनी येते. म्हणजे नव्वद दिवसांनी बिल शोधायला सुरुवात होते. फोन केला की कळतं, अकाउंट्सच्या मॅडम रजेवर आहेत. पुन्हा केला की त्या लंचला गेलेल्या असतात. शेवटी मी अस्वलाच्या आवाजात फोन केला. मॅडम खळखळून हसल्या, मुलाला ऐकवायला आणखी एकदा बोलून घेतलं, आणि म्हणाल्या, "तुमचं इनव्हॉइस पुन्हा मेल करा ना."